स्वर तेच, राग निराळे: थाट, मूर्च्छना आणि मोड यांचा आढावा

भूप आणि देशकार या दोन रागांत तेच पाच स्वर आहेत: सा, रे, ग, प, ध, सगळे शुद्ध. पेटीवर दोन्हींसाठी बोटे त्याच पट्ट्यांवर पडतात. तरी जाणत्या श्रोत्याला पहिल्या दोन-चार स्वरवाक्यांतच कळते की चालला आहे तो भूप की देशकार. भूपात मुक्काम गंधारावर असतो, गाणे मंद्र आणि मध्य सप्तकात ऐसपैस पसरते. देशकारात धैवत पुढे येतो, पंचमाशी लगट करतो आणि सगळा ओढा तार षड्जाकडे जातो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. भातखंड्यांनी रागांची वर्गवारी केली तेव्हा भूप कल्याण थाटात गेला आणि देशकार बिलावल थाटात. आता कल्याण आणि बिलावल यांत फरक आहे तो केवळ मध्यमाचा, आणि या दोन्ही रागांत मध्यम मुळी लागतच नाही.

मग ही वाटणी झाली कशावरून? भूपाची चाल कल्याणाच्या अंगाने जाते, देशकाराची बिलावलाच्या, म्हणून. भातखंड्यांनी इथे स्वर मोजले नाहीत, चाल ऐकली. ज्या स्वराचा रागात पत्ताच नाही त्याच्या आधारे दोन राग दोन घरांत गेले, आणि तरीही ही वाटणी कानाला पटते. स्वरांचा संच आणि त्यातून उभे राहणारे गाणे यांच्यातले नाते किती गुंतागुंतीचे आहे ते या एका जोडीत दिसते.

हे नाते जगभरच्या संगीताने आपापल्या परीने मांडले आहे. एका सप्तकात कोणते स्वर घ्यायचे आणि त्यांच्यात अंतर किती, एवढेच सांगणारी जी स्वरांची शिडी, तिला पाश्चात्त्य लोक स्केल म्हणतात. (आपण ‘तुमची स्केल कुठली?’ असे विचारतो तेव्हा आपल्याला गायकाची पट्टी हवी असते. त्या अर्थाने हा शब्द इथे घेतलेला नाही.) त्या शिडीतला कोणता स्वर घर मानायचा, कुठे थांबायचे, कोणता स्वर ठळक, कोणता ओझरता, वर कसे चढायचे आणि खाली कसे यायचे, हे सगळे ठरले की त्याला ते मोड म्हणतात. भरताने त्याला जाती म्हटले, पुढे राग आला. अरबांकडे मकाम आहे, इराणात दस्तगाह, जाव्यात पथेत. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॉवर्स यांनी 1980 मध्ये न्यू ग्रोव्ह या संगीतकोशात मोडवर दीर्घ लेख लिहिला. त्यांची मांडणी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. एका टोकाला नुसता स्वरसंच आहे, दुसऱ्या टोकाला पूर्ण बांधलेली चाल, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी प्रत्येक मोड उभा असतो. कुणी संचाच्या जवळ, कुणी चालीच्या जवळ. या लेखापुरते माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढे आहे: इतिहासात बहुतेक ठिकाणी चाल आधी आली, आणि तिच्यातून स्वरसंच नंतर गाळून काढला गेला. शिकवताना मात्र आपण क्रम उलटा लावतो आणि विद्यार्थ्याला भलत्या दाराने आत नेतो.

संचाच्या टोकापासून सुरुवात करू, कारण ते हाताने पडताळता येते. पेटी पुढ्यात घ्या आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवा. पांढरी एक षड्ज धरली तर बिलावल थाट मिळतो. त्याच पट्ट्या ठेवून पांढरी दोनला सा म्हटले की काफी, तीनला भैरवी, चारला कल्याण, पाचला खमाज, सहाला आसावरी. पांढरी सातला सा म्हटले तर अडचण होते, शुद्ध पंचमच सापडत नाही, म्हणून त्या शिडीला आपल्याकडे थाट नाही. पाश्चात्त्य नावे याच क्रमाने आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन आणि तो पंचमहीन लोक्रियन. दहांपैकी सहा थाट असे एकाच संचाच्या पोटातून निघतात. उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, या फेऱ्यात कुठेच बसत नाहीत. कोमल रिषभाशेजारी शुद्ध गंधार किंवा कोमल गंधारापुढे तीव्र मध्यम अशा लांब उड्या पांढऱ्या पट्ट्यांत नाहीतच.

काळ्या पट्ट्यांचा फेरा तर आणखी देखणा आहे. काळी तीनला सा धरा, भूप मिळतो. काळी चारला धरा, मेघ किंवा मधमाद सारंगाचे स्वर येतात. काळी पाचवरून मालकंस, काळी एकवरून दुर्गा, काळी दोनवरून धानी. पाच पट्ट्या, पाच षड्ज, पाच राग. कर्नाटक संगीतात याला गृहभेद म्हणतात आणि मैफलीत कसलेले गायक क्षणभर तो दाखवूनही देतात. आपल्याकडचे जुने नाव मूर्च्छना.

ही मूर्च्छना भरताच्या नाट्यशास्त्रातली. तिथे षड्जग्राम आणि मध्यमग्राम असे दोन ग्राम आहेत. सप्तकाच्या बावीस श्रुती मानल्या आहेत आणि षड्जग्रामात त्या सा, रे, ग, म, प, ध, नी यांच्या वाट्याला अनुक्रमे चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा येतात. मध्यमग्रामात पंचम एक श्रुती खाली उतरतो, बस, एवढाच फरक. प्रत्येक ग्रामाच्या सात म्हणजे एकूण चौदा मूर्च्छना. इथवर सगळे स्केलचे गणित आहे. पण भरत तिथे थांबत नाही. या मूर्च्छनांवर तो अठरा जाती उभ्या करतो आणि जातीची दहा लक्षणे देतो: ग्रह, अंश, तार, मंद्र, न्यास, अपन्यास, अल्पत्व, बहुत्व, षाडवित आणि औडवित. सुरुवात कुठे, प्राण कोणत्या स्वरात, वर-खाली किती जायचे, शेवट कुठे, मधले थांबे कोणते, कोणता स्वर कमी आणि कोणता पुष्कळ. मोड म्हणजे काय, याचे याहून नेटके उत्तर मला पुढच्या ग्रंथांतही फारसे आढळत नाही. मूर्च्छना ही शिडी आणि जाती हे गाणे, हा भेद त्या काळीच स्पष्ट झालेला होता.

तेराव्या शतकात देवगिरीला, यादवराजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. ग्राम-मूर्च्छनांची जुनी चौकट त्याने सांभाळली आणि तिच्यात 264 राग मांडले. म्हणजे तोपर्यंत गायकांकडे चालींचा साठा एवढा झाला होता आणि शास्त्र त्यांना जागा शोधत होते. त्यानंतरच्या शतकांत चौकटच बदलली. मूर्च्छनेत षड्ज सरकतो. तंबोऱ्याचा अखंड षड्ज कानामागे सुरू झाला की तो सरकवण्यात अर्थ उरत नाही, कारण मागचा सा तुम्हाला पुन्हा पुन्हा जागेवर आणतो. आता सा एकाच जागी पक्का आणि बाकीचे स्वर त्याच्या मानाने कोमल-तीव्र, अशी व्यवस्था आली. पडद्यांच्या वीणेने तिला आधार दिला. 1550 मध्ये विजयनगरच्या रामामात्याने स्वरमेलकलानिधीत मेल सांगितले ते याच व्यवस्थेचे. रागांना स्वरांवरून गटात बांधायचे तर षड्ज स्थिर हवा, आणि तो आता स्थिर होता.

सतराव्या शतकात तंजावरच्या वेंकटमखीने या विचाराला गणिताच्या शेवटापर्यंत नेले. रे-ग यांच्या सहा जोड्या, ध-नी यांच्या सहा जोड्या, मध्यम दोन. सहा गुणिले सहा गुणिले दोन, मिळून 72 मेल. चतुर्दण्डिप्रकाशिकेत ही सगळी जुळणी आहे, आणि त्याच ग्रंथात तो सांगतो की यांतले प्रत्यक्ष वापरात 19 च आहेत. शिडी हवी तितक्या लांबीची करता येते, पण गाणारे तिच्या ठरावीक पायऱ्यांवरच उभे असतात, हे त्याला पुरते ठाऊक होते. इथेच माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवादही भेटतो. पुढच्या काळात कर्नाटक रचनाकारांनी रिकाम्या मेलांत कृती बांधल्या आणि नुसत्या गणितातून राग जिवंत करून दाखवले. खरहरप्रियेला आज जे रूप आहे ते त्यागराजांच्या कृतींनी दिले. शिडी आधी आणि गाणे नंतर, असेही घडू शकते. पण ते घडायला त्यागराज लागले. मेलाला रागपण चालीनेच आले.

वाळकेश्वरला जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते. 1904 मध्ये ते दक्षिणेत गेले, तिथले पंडित भेटले, एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितांशी बोलणे झाले, 72 मेलांची व्यवस्था त्यांनी समजून घेतली. उत्तरेत परतल्यावर त्यांनी 72 घेतले नाहीत. सा आणि प पक्के ठेवून उरलेल्या पाच स्वरांना प्रत्येकी दोन रूपे दिली तर 32 थाट होतात, तेही घेतले नाहीत. उस्तादांकडून गोळा केलेल्या शेकडो चिजा समोर ठेवून त्यांनी पाहिले की हे राग कुठे कुठे गोळा होतात, आणि दहा थाट धरले. म्हणजे थाट ही त्यांच्यासाठी गायकीतून काढलेली वर्गवारी होती. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’मध्ये ती संस्कृतात आली, 1910 पासून निघालेल्या हिंदुस्थानी संगीत पद्धतीच्या मराठी भागांत गुरुशिष्य-संवादाने उलगडली आणि क्रमिक पुस्तकमालिकेने घराघरांत पोचवली. ‘लक्ष्य’ म्हणजे प्रचारात असलेले गाणे, शास्त्र त्याच्या मागून चालायचे, ही त्यांची भूमिका नावातच आहे.

या दहांच्या अडचणी सर्वांना माहीत आहेत. मारवा थाटात नियमाप्रमाणे सातही स्वर हवेत म्हणून पंचम आहे, पण ज्या रागावरून थाटाला नाव मिळाले त्या मारव्यात पंचम वर्ज्य. मधुवंतीत कोमल गंधार आणि तीव्र मध्यम आहे पण रिषभ-धैवत शुद्ध, तिला दहांत घर नाही. चारुकेशी आणि कीरवाणी दक्षिणेतून आल्या, मेलकर्त्यांत त्यांचे क्रमांक 26 आणि 21, इथे त्या उपऱ्याच राहिल्या. अहीर भैरवात भैरवाचे पूर्वांग आहे आणि काफीचे उत्तरांग, म्हणून त्याला भैरवात ठेवायचे तर अर्धा राग बाहेर राहतो. आणि भैरवी थाटाचे म्हणाल तर मैफलीच्या शेवटची भैरवी ठुमरीच्या अंगाने बाराही स्वरांना स्पर्श करून येते. या त्रुटी दाखवून भातखंड्यांना मोडीत काढणारे पुष्कळ झाले. मला त्यात फारसे तथ्य वाटत नाही. वर्गवारीकडून वर्गवारीचेच काम मागावे. ग्रंथालयात पुस्तक कुठल्या कपाटात आहे यावरून त्यातली गोष्ट कळत नाही, पण कपाटाशिवाय पुस्तक सापडतही नाही.

थाट कमी पडतो तो वेगळ्याच जागी. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच सहा: सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत राज्य करतात, षड्ज लांबणीवर टाकला जातो, इतका की तंबोरा नसता तर कान कदाचित धैवतालाच घर मानून बसला असता. पूरिया गंधार-निषादाच्या आधाराने मंद्रात उतरतो. सोहनी तार षड्जाभोवती घिरट्या घालते. तोडी आणि मुलतानी एका थाटातले, पण मुलतानी आरोहात रिषभ-धैवत सोडते आणि पंचमावर निःशंक बसते, तर तोडीत पंचम जपून लागतो. दरबारी, अडाणा आणि जौनपुरी यांचीही तीच कथा. दरबारीचा गंधार नुसता ‘कोमल’ म्हणून सांगता येत नाही. तो उतरलेला असतो, संथ आंदोलनात असतो, मध्यमाच्या कणाने येतो. ते आंदोलन काढून घेतले तर उरते ती आसावरीची शिडी, दरबारी नाही. श्रुतींच्या या बारकाव्यांवर सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये पुस्तक लिहून बावीस श्रुतींची गुणोत्तरे मांडली. त्यांचा ध्यास मोठा होता. पण मला वाटते, दरबारीचा गंधार गुणोत्तरात पकडणे हाही पुन्हा रागाला शिडीत बसवण्याचाच प्रयत्न होतो. तो गंधार एका जागी उभा राहत नाही, तो हलतो.

युरोपात हेच नाटक वेगळ्या पात्रांनी झाले. रोमन चर्चची ग्रेगोरियन गाणी तोंडी परंपरेने चालत आलेली होती. आठव्या-नवव्या शतकात त्यांची वर्गवारी करायची गरज पडली आणि पूर्वेकडच्या बायझंटाइन चर्चकडून आठ मोडांची कल्पना घेतली गेली. शेवटचा स्वर चारांपैकी एक: डी, ई, एफ किंवा जी. प्रत्येकाचा एक प्रकार शेवटच्या स्वराच्या वर फिरणारा, दुसरा त्याच्या खालीही उतरणारा. पहिला मोड आणि आठवा मोड यांचा पल्ला हुबेहूब एक, डी ते डी. पण पहिला डीवर संपतो आणि पठण एवर चालते, आठवा जीवर संपतो आणि पठण सीवर. भूप आणि देशकार इथेही आहेत. डोरियन, फ्रिजियन ही ग्रीक नावे नवव्या शतकात चिकटवली गेली तीही चुकीच्या जागी, त्यामुळे प्राचीन ग्रीसचा डोरियन आणि चर्चचा डोरियन एक नाहीत. 1547 मध्ये स्विस पंडित ग्लारेआनुसने ‘डोडेकाकॉर्डॉन’मध्ये आठांचे बारा केले आणि त्यात आयोनियन व एओलियन घातले. हेच दोन पुढे मेजर आणि मायनर म्हणून उरले. स्वरांच्या एकत्र वाजण्यावर, हार्मनीवर, संगीत उभे राहिले तसे बाकीचे मोड मागे पडले.

ते परत आले लोकगीतांतून. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांना खेडुतांच्या तोंडी डोरियन आणि मिक्सोलिडियन चाली सापडल्या. 1907 च्या पुस्तकात त्यांनी ते मांडले. हंगेरीत बार्तोक आणि कोडाय फोनोग्राफ घेऊन गावोगाव फिरत होते. पुढे जाझने मोड उचलले. माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधले ‘सो व्हॉट’ घ्या: सोळा मात्राखंड डी डोरियन, आठ ई-फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ डी डोरियन. आपल्या भाषेत, काफी थाट आधी पांढरी दोनवर, मग काळी दोनवर, मग पुन्हा पांढरी दोनवर. वादकाला चाल दिलेली नाही, दिली आहे ती शिडी आणि मोकळीक. पॉवर्सच्या पट्ट्यावर हे संगीत संचाच्या टोकाला अगदी चिकटून आहे. ऑलिव्हिए मेसियाँने ज्यांना मोड म्हटले तेही खरे म्हणजे सममितीने कोरलेले स्वरसंचच.

दुसऱ्या टोकाला इराण आहे. तिथला दस्तगाह गुशे नावाच्या छोट्या छोट्या चालींचा बनलेला असतो, त्या पाठ केल्याशिवाय दस्तगाह येत नाही. जाव्याच्या गमेलानमध्ये सलेंद्रो ही पाच स्वरांची एकच शिडी तीन पथेतांत वाजते, स्वर तेच, वजन वेगळे. रात्रभरच्या छायानाट्यात नेम, सांगा आणि मन्युरा हे पथेत संध्याकाळ ते पहाट या क्रमाने येतात. प्रहरांचा राग-नियम मानणाऱ्या आपल्याला हे ऐकून आपलेच वाटते. 1932 च्या कैरो परिषदेत अरब संगीताची चोवीस पाव-स्वरांची सर्वमान्य शिडी ठरवायचा घाट घातला गेला आणि तो तडीस गेला नाही. गायकांचा स्वर शहरागणिक वेगळा लागत होता.

हे सगळे पाहिले की शिकवण्याचा प्रश्न समोर येतो. गिटार शिकणाऱ्या मुलांना सांगतात की डी डोरियन म्हणजे सी मेजरच, फक्त डीपासून वाजवायचा. मुलगा तसा वाजवतो, आणि मागे सीची कॉर्ड चालू असली तर ऐकू येतो सी मेजरच. डी घर झाले पाहिजे, खर्जात डी वाजत राहिला पाहिजे, वाक्य डीवर येऊन विसावले पाहिजे, मग डोरियन होतो. आपल्या संगीत परीक्षांत रागाची माहिती थाटापासून सुरू होते: थाट, जाती, वादी, संवादी, आरोह, अवरोह, पकड. पकड शेवटी! एखाद्या मुलीला भूपाचा थाट आणि वर्ज्य स्वर पाठ असतात आणि ती आरोह-अवरोह गाते तेव्हा तो देशकारही असू शकतो. जुने गुरू थाट सांगत नसत. ते बंदिश देत, तीही आधी एकच ओळ, आणि शिष्य ती महिनोन्‌महिने घोळवत असे. राग त्या ओळीतून मिळे. मला यात परंपरेचा हट्ट दिसत नाही, शहाणपण दिसते. आधी दोन बंदिशी, मग पकड, मग वादी-संवादीचे भान आणि सर्वांत शेवटी थाट, असा क्रम लावला तर थाटही जास्त नीट समजेल, कारण तो कशातून गाळला आहे ते विद्यार्थ्याच्या गळ्यात आधीच असेल.

चालीतून राग निघतो याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण कुमार गंधर्वांचे. 1948 मध्ये देवासला स्थायिक झाल्यावर माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांनी वर्षानुवर्षे ऐकली, लिहून घेतली आणि त्यांतून धुनउगम राग बांधले: मधसुरजा, मालवती, अहिमोहिनी, लगनगंधार. 1965 च्या ‘अनूपरागविलास’मध्ये ते आहेत. एखाद्या लोकधुनेतली तीन-चार स्वरांची वळणे आधी पकडायची, तिचे थांबे ओळखायचे, मग ती किती वाढू शकते ते पाहायचे. त्यात कोणते स्वर लागतात याची यादी सर्वांत शेवटी होते.

आणि मूर्च्छना? ती ग्रंथांत पुरली गेली असे वाटत असताना पंडित जसराजांनी जसरंगीच्या रूपाने तिला मंचावर आणले. गायक आणि गायिका यांच्या पट्ट्या जुळत नाहीत ही जुगलबंदीची जुनी अडचण. पुरुष काळी एकला गातो, बाई काळी चारला. जसरंगीत दोघेही आपापला सा सोडत नाहीत, आपापला राग गातात, आणि स्वर मात्र सामाईक असतात. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांनी हा प्रकार अनेक मंचांवर गायला आहे. काळी एकचा कलावती घ्या: सा, ग, प, ध, कोमल नी. म्हणजे काळी एक, पांढरी चार, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. याच पाच पट्ट्यांत काळी चारला सा म्हटले की सा, रे, कोमल ग, म, ध, म्हणजे अभोगी. पण ही जोडी एवढ्यावर जमत नाही. कलावतीचा वादी पंचम, तोच अभोगीचा षड्ज. कलावतीचा षड्ज, तोच अभोगीचा मध्यम, तिचा संवादी. तो आपल्या पंचमावर थांबतो तेव्हा ती घरी पोचलेली असते, आणि ती मध्यमावर रेंगाळते तेव्हा तो आपल्या षड्जावर असतो.